साच्याचा पाठ : मऊ आमिषाच्या निमित्ताने

(इयत्ता ५ वी ते ७ वी. कार्यानुभव, सामान्य विज्ञान व गणित यांचा संयुक्त पाठ. एकूण तासिका सहा. मध्यंतरी साचा वाळण्यासाठी सुमारे एक आठवड्याचा अवकाश ठेवावा.)

भंडारा जिल्हा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. आंबागडच्या डोंगररांगेच्या आसपास असलेल्या तुमसर तालुक्यातील गावांत फिरले तरी बोडी, नाला किंवा तलाव यांपैकी काही ना काही दृष्टीस पडतेच. चांदपूरचा विस्तीर्ण जलाशयही याच तालुक्यात आहे. या भागातील मुलाला गळ, जाळे आणि आमिष हे शब्द शिकवावे लागत नाहीत. ढिवर समाजातील मुलाला तर त्यांतील बारकावे आपल्या शिक्षकांपेक्षा अधिक ठाऊक असतात, आणि ही गोष्ट शिक्षकांनी मोकळ्या मनाने मान्य करावी.

अलीकडे या परिचित साहित्यात एका नव्या वस्तूची भर पडली आहे. रबरासारखे लवचिक, रंगीबेरंगी, शेपटी हलविणारे कृत्रिम मासे व गांडुळे बाजारात मिळू लागली आहेत. ती घरच्या घरी कशी ओतावीत याची चलच्चित्रे मुले भ्रमणध्वनीवर पाहतात. पाहिले की करून पाहावेसे वाटणारच. ते मुलाचे लक्षणच आहे. परंतु त्या चित्रांत जे सहज दिसते त्यात तापलेले प्लॅस्टिक असते आणि पुष्कळदा वितळलेले शिसेही असते. मुलाला नुसते ‘करू नको’ म्हटल्याने तो ते आपल्या पाठीमागे करील. त्याऐवजी त्या कृतीतील जो भाग खरोखर शिकण्याजोगा आहे, म्हणजे साचा, तो शाळेत निर्धास्तपणे करवून घ्यावा व जो भाग घातक आहे त्याचे कारण त्याला उलगडून सांगावे, असा या पाठाचा हेतू आहे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेपासून आपण हस्तोद्योगातून शिक्षणाची भाषा बोलत आलो आहोत. साचा हा त्या दृष्टीने फार सोयीचा विषय आहे, कारण त्यात हात थांबला की बुद्धीला काम लागते.

घरातील साचे

पाठाचा आरंभ प्लॅस्टरने करू नये. मुलांना प्रथम घरातील साचे आठवावयास सांगावे. विटा पाडण्याचा लाकडी साचा, करंजीचा साचा, मोदकाचा साचा अशी नावे तत्काळ निघतील. यांपैकी प्रत्येकाविषयी एकच प्रश्न विचारावा : तयार झालेली वस्तू बाहेर कशी निघते? विटेचा साचा सरळ वर उचलला जातो. मोदकाचा साचा उघडावा लागतो. का? कारण मोदक मध्ये फुगीर आणि वर निमुळता असून त्याच्या अंगावर कळ्या असतात. साचा अखंड असता तर मोदक आतच राहिला असता. इतके मुलांच्या तोंडून निघाले की पाठाचा निम्मा भाग झाला असे समजावे.

यानंतर होळी-पाडव्याच्या सुमारास बाजारात येणाऱ्या साखरेच्या गाठीकडे वळावे. मला स्वतःला साच्याचे याहून चांगले उदाहरण आढळलेले नाही. गाठीचा साचा लाकडाचा असतो. दोन फळ्यांवर समोरासमोर सारखे आकार कोरलेले असतात. त्यांच्यामधून दोरा ताणून ठेवतात, फळ्या घट्ट बांधतात आणि वरच्या तोंडातून साखरेचा कढत पाक ओततात. पाक थिजला की फळ्या सोडवावयाच्या. पदके दोऱ्यात ओवलेली आयती बाहेर येतात. मऊ आमिषाच्या साच्यात जे जे असते ते सर्व येथे आहे : दोन अर्धे, ती अचूक जुळण्याची सोय, ओतण्याचे तोंड, आणि मध्ये अडकवून ठेवलेली दुसरी वस्तू. गाठीत दोरा असतो, आमिषात गळ असतो, एवढाच काय तो भेद. शक्य झाल्यास एखादी गाठ वर्गात आणून तिच्या कडेने जाणारी बारीक उंच रेघ मुलांना बोटाने चाचपू द्यावी. दोन फळ्या जेथे मिळाल्या तेथे पाकाने ती खूण ठेवली आहे. या रेघेला आपण ‘सांधरेषा’ म्हणू. प्लॅस्टिकच्या चेंडूवर, औषधाच्या बाटलीवर, कंगव्याच्या दात्यांवर सांधरेषा शोधून आणण्याचे काम मुलांना घरी द्यावे. ज्या वस्तूवर ती सापडेल ती वस्तू साच्यातून जन्मली, हे ज्ञान त्यांना आयुष्यभर पुरेल.

दुसरी एक संज्ञा आवश्यक आहे. वस्तूचा जो भाग साच्याच्या भिंतीत गुंतून बसतो आणि तिला बाहेर येऊ देत नाही त्याला ‘अडक’ म्हणावे. साचा कठीण आणि वस्तूही कठीण असेल तर अडक मुळीच चालत नाही, काहीतरी मोडतेच. दोहोंपैकी एक मऊ असेल तर थोडी अडक निभावते. म्हणूनच मूर्तिकार प्लॅस्टरच्या कठीण मूर्तीसाठी रबराचा साचा वापरतात. आपण याच्या उलट करणार आहोत : साचा कठीण आणि मासा मऊ.

नळीतील गांडूळ कोठून आले

कृत्रिम मऊ आमिषाचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲक्रन या गावी निक क्रीम नावाचे गृहस्थ व त्यांच्या पत्नी कॉस्मा यांनी १९४९ साली आपल्या स्वयंपाकघरात व्हिनिल, तेल आणि रंग यांचे मिश्रण शिजवून मऊ गांडूळ तयार केले. साचा खऱ्या गांडुळावरून घेतला होता. तोपर्यंतची कृत्रिम आमिषे लाकूड, धातू, पिसे यांची असत. माशाला तोंडात धरताच ती खोटी असल्याचे कळे. मऊ आमिष तो थोडा अधिक वेळ धरून ठेवतो, आणि मासे धरणाऱ्यास तेवढा वेळ पुरतो.

हे द्रव्य म्हणजे पॉलिव्हिनिल क्लोराइडची अत्यंत बारीक पूड, मऊपणा आणणाऱ्या तेलकट द्रवात कालवलेली. थंड असता ते दुधासारखे पातळ असते. सुमारे १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापविले की पुडीचे कण तो द्रव शोषून घेतात, सारे मिश्रण एकजीव होते आणि निवल्यावर लवचिक बनते. पाणी १०० अंशांवर उकळते. त्याच्या मानाने हे तापमान किती आहे ते मुलांना उष्णतामापीवर दाखवावे. असा रस अंगावर पडला तर तो पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटून जाळीत राहतो. साच्यात ओलावा राहिला असेल तर त्याची क्षणात वाफ होऊन रस उसळतो. रस जरा अधिक तापून करपू लागला तर त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू निघतो. शिवाय मऊपणासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रवांपैकी थॅलेट वर्गातील काही द्रव्ये मुलांच्या खेळण्यांत वापरण्यास अमेरिकेने २००८ च्या कायद्याने आणि युरोपीय देशांनीही मनाई केलेली आहे. जुन्या चपला, नळ्या, बाहुल्या वितळवून आमिष करण्याचा प्रयत्न तर याहून वाईट, कारण त्या कशाच्या बनलेल्या आहेत हेच आपणास ठाऊक नसते.

या कारणांसाठी शाळेत प्लॅस्टिक वितळवू नये. ‘थोडेसे’, ‘फक्त दाखविण्यापुरते’, ‘शिक्षकांच्या देखरेखीखाली’ असे अपवादही करू नयेत. आपल्या पाठाला चायनाग्रास पुरेसे आहे. ते किराणा दुकानात मिळते, समुद्रातील लाल शेवाळापासून बनते, खाण्याच्या योग्यतेचे असते आणि पाण्यात राहिले तरी कुजून जाते. प्लॅस्टिकचे तुटलेले आमिष तलावाच्या तळाशी वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. ते गिळलेले मासे परदेशांतील तलावांत आढळले आहेत.

नमुना

पाच-पाच मुलांचे गट करावेत. तीस मुलांच्या वर्गात सहा गट व सहा साचे होतील. प्रत्येक गटाने शाडूच्या मातीचा सुमारे ८ सें. मी. लांबीचा मासा करावा. जाडी दीड सें. मी.च्या आसपास असावी, शेपटीकडे ती निमुळती होत जावी. डोळे, खवले, कल्ले यांत मुले रमतील व ती नाजूक कोरीव कामे करू पाहतील. त्यांना रमू द्यावे; परंतु कल्ल्याखाली खोल खाच पाडली तर तेथे अडक निर्माण होईल हे त्यांच्याकडूनच वदवून घ्यावे. ज्या घरांत मासे वर्ज्य आहेत त्या मुलांना आंबा, शेंग किंवा पान करण्यास सांगावे. साचा तोच, शिकणेही तेच. या मुद्द्यावर कोणाच्या घरच्या चालीरीतींची वर्गात चर्चा होऊ देऊ नये.

शेपटीच्या बाबतीत गटागटांत मुद्दाम भेद ठेवावा. एका गटाची शेपटी उभी व पातळ, दुसऱ्याची आडवी व रुंद, तिसऱ्याची टोकाशी वळलेली, अशी योजना केल्यास पुढे पाण्यातील निरीक्षणाला अर्थ येतो.

नमुना तयार झाल्यावर लगेच त्याचे आकारमान मोजावे. काठोकाठ पाणी भरलेल्या पेल्यात नमुना दोऱ्याने हलकेच बुडवावा आणि सांडलेले पाणी मोजपात्रात घ्यावे. माती विरघळू नये म्हणून तिला आधी तेलाचा हात द्यावा. साधारण १० घन सें. मी. पाणी सांडेल. तीस मुलांना एकेक मासा द्यावयाचा तर ३०० मि. लि. रस लागेल, सांडलवंड धरून ३५० मि. लि. हे गणित मुलांनी स्वतः मांडावे. पुस्तकातील हौद आणि नळ यांच्या उदाहरणांपेक्षा ते त्यांना खरे वाटते, कारण हिशेब चुकला तर शेवटच्या मुलाला मासा मिळत नाही.

प्लॅस्टरचे काम

जिप्समचा दगड सुमारे १५० अंशांपर्यंत भाजला की त्यातील तीन-चतुर्थांश पाणी निघून जाते; उरते ते प्लॅस्टर ऑफ पॅरिस. त्यात पुन्हा पाणी मिसळले की ते गेलेले पाणी परत घेऊन दगड होते. पॅरिस शहरातील मोंमार्त्र या टेकडीवर जिप्समच्या खाणी होत्या, त्यावरून हे नाव पडले. घट्ट होताना ते किंचित फुगते, म्हणून नमुन्यावरील बारीक रेघसुद्धा त्यात उमटते.

हे घट्ट होणे उष्णता बाहेर टाकणारे आहे. जाड थरातील प्लॅस्टर ६० अंशांपर्यंत तापू शकते. इंग्लंडमधील एका शाळेत २००७ साली सोळा वर्षांच्या मुलीने हाताचा ठसा घेण्यासाठी दोन्ही हात प्लॅस्टरच्या बादलीत घातले. ते घट्ट झाले, हात निघेनात, आणि भाजल्यामुळे तिला बहुतेक बोटे गमवावी लागली. त्या शाळेला पुढे दंड झाला. हा प्रसंग मुलांना सांगावा. ‘माझ्या हाताचा साचा करू’ ही कल्पना कोणत्या ना कोणत्या मुलाला सुचतेच. प्लॅस्टर काठीने ढवळावे, हाताने नव्हे. आणि कोरडी पूड ओतताना तोंडानाकावर रुमाल बांधावा.

आता प्रत्यक्ष कृती. आतून १२ सें. मी. लांब, ६ सें. मी. रुंद व ५ सें. मी. खोल अशी पुठ्ठ्याची किंवा पत्र्याची पेटी घ्यावी. तिच्या तळाशी शाडूची माती अडीच सें. मी. उंचीपर्यंत दाबून भरावी. माशाचा नमुना तीत बरोबर निम्मा रुतवावा. तो कोणत्या रेषेपर्यंत रुतवावयाचा हे येथील खरे कौशल्य आहे. मासा जेथे सर्वांत रुंद आहे त्या रेषेवर माती आली पाहिजे. तेथून वर किंवा खाली गेल्यास एका अर्ध्यात अडक राहते. मुलांना नमुन्याकडे बरोबर वरून पाहावयास सांगावे. वरून जी बाह्यरेषा दिसते तीच सांधरेषा. भोवतालची माती ओल्या बोटाने सपाट करावी. चार कोपऱ्यांत गोटी अर्धी दाबून खळगे पाडावेत. या खळग्यांमुळे पहिल्या अर्ध्यावर उंचवटे व दुसऱ्यावर त्यांच्या जोडीचे खळगे तयार होतात आणि दोन्ही अर्धे प्रत्येक वेळी अचूक त्याच जागी बसतात. गाठीच्या फळ्यांनाही अशी सोय असावीच लागते. नमुन्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा.

एका अर्ध्यासाठी सुमारे १७० ग्रॅम प्लॅस्टर व १२० मि. लि. पाणी लागते. पाणी आधी घ्यावे व त्यात प्लॅस्टर चिमटीने भुरभुरावे. पुडीत पाणी ओतल्यास गाठी होतात. एक मिनिट भिजू द्यावे, मग संथपणे ढवळावे. घाईने ढवळले की हवेचे बुडबुडे शिरतात व माशाच्या अंगावर फोड उठल्यासारखे दिसतात. मिश्रण साईसारखे झाले की पेटीच्या एका कोपऱ्यातून हळूहळू ओतावे आणि पेटी टेबलावर हलकेच आपटावी. अर्ध्या तासात वरचा भाग कठीण व कोमट लागतो. त्यावर तळहात ठेवून ही ऊब प्रत्येक मुलाने अनुभवावी. घट्ट झालेल्या प्लॅस्टरवर हात ठेवणे आणि ओल्या प्लॅस्टरमध्ये हात बुडविणे यांतील अंतर त्या वेळी पुन्हा बजावावे.

दुसऱ्या दिवशी पेटी उलटी करून माती काढून टाकावी, नमुना मात्र प्लॅस्टरमध्ये तसाच राहू द्यावा. धुण्याच्या साबणाचा कीस गरम पाण्यात विरघळवून दाट साबणपाणी करावे व ते उघड्या प्लॅस्टरवर तीन वेळा लावून पुसून घ्यावे. हे विसरल्यास नवे प्लॅस्टर जुन्याला एकजीव होते आणि साच्याऐवजी मासा पोटात घेतलेला एक धोंडा हाती येतो. एखाद्या गटाचे तसे झालेच तर तो धोंडा टाकून न देता मध्ये फोडावा. साबणाचे काम काय होते ते सर्व वर्गाला दिसेल. दुसरा अर्धा पहिल्याप्रमाणेच ओतावा. घट्ट झाल्यावर सांध्यात पातळ लाकडी चीप हलके ठोकून अर्धे वेगळे करावेत व मातीचा नमुना काढून घ्यावा.

या क्षणी मुलांच्या चेहऱ्याकडे पाहण्यासारखे असते. जेथे फुगीर डोळा होता तेथे खळगा आहे, जेथे खवल्याची रेघ खोदली होती तेथे उंच धार आहे, डावे कल्ले उजवीकडे आले आहेत. आपल्या नावाचे अक्षर माशावर सरळ उमटावे असे वाटत असेल तर ते साच्यावर कसे कोरावे लागेल, हा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावा आणि उत्तराची घाई करू नये.

डोक्याच्या बाजूने दोन्ही अर्ध्यांत नरसाळ्यासारखे ओतण्याचे तोंड कोरावे. शेपटीच्या टोकापासून बाहेरपर्यंत केसाएवढी चीर काढावी. हवा तीतून निसटते आणि रस तीत शिरताच थिजून तोंड बंद करतो. ही चीर नसेल तर शेपटीत हवा कोंडते व मासा अपुरा निघतो. दोन साच्यांपैकी एकास चीर न काढता हा फरक दाखवावा.

साचे उन्हात वाळत ठेवावेत व त्यांचे वजन रोज करावे. एका अर्ध्याचे वजन आरंभी सुमारे २९० ग्रॅम असेल व हळूहळू २०० ग्रॅमच्या आसपास येऊन स्थिरावेल. आपण १२० ग्रॅम पाणी घातले होते. उडाले मात्र ९० ग्रॅमच. उरलेले ३० ग्रॅम कोठे गेले? ते दगडाचा घटक होऊन बसले आहे. ‘रासायनिक बदल’ हा शब्द सातवीच्या पुस्तकात येतो, पण तो तराजूत तोलून पाहण्याची संधी अशी क्वचितच मिळते.

ओतकाम

१० ग्रॅम चायनाग्रास ३५० मि. लि. पाण्यात अर्धा तास भिजवून मंद आचेवर पूर्ण विरघळेपर्यंत उकळावे. एक-दोन चमचे ग्लिसरीन घातल्यास मासा कमी ठिसूळ होतो. रंगासाठी हळद किंवा बिटाचा रस चालेल. उकळणे व ओतणे ही दोन्ही कामे शिक्षकांनी स्वतः करावीत. रस साधारण ६० अंशांपर्यंत निवला म्हणजे ओतण्यास योग्य होतो. चायनाग्रासचा एक चमत्कारिक गुण येथे दाखविता येतो : ते ४० अंशांच्या आसपास थिजते, परंतु एकदा थिजलेले पुन्हा वितळण्यास ८५ अंश लागतात. पाणी व बर्फ यांचे तसे नसते. भांड्यात उष्णतामापी धरून मुलांनी हे आकडे स्वतः टिपावेत.

साच्याच्या आतील अंगाला खोबरेल तेल लावावे. मध्यरेषेवर दोरा ठेवून त्याचे एक टोक ओतण्याच्या तोंडातून बाहेर काढावे. गळाऐवजी आपण दोराच वापरणार आहोत; वर्गात खरा गळ आणू देऊ नये. अर्धे जुळवून रबरी पट्ट्यांनी बांधावेत, शेपटी खाली व तोंड वर करून उभे धरावेत आणि रस एका धारेने ओतावा. वीस मिनिटांनी साचा उघडता येतो. कडेला आलेला पातळ पापुद्रा, म्हणजे आपली सांधरेषा, कात्रीने कापून टाकावा.

मासे तयार झाल्यावर मोठ्या परातीत किंवा टाक्यात पाणी घेऊन ते दोऱ्याने ओढून पाहावेत. चायनाग्रासचा मासा पाण्याहून किंचित जड असल्याने सावकाश बुडतो. मेणबत्तीचा तुकडा टाकला तर तो तरंगतो. कोणत्या शेपटीचा मासा अधिक डोलतो, वेग वाढविल्यास काय होते, याची नोंद गटांनी करावी. पाचही मासे एकाच साच्यातील असल्यामुळे त्यांचे वजन व आकार सारखा आहे. म्हणून एका गटाचे मासे सारखेच डोलतात आणि दिसणारा फरक एखाद्या सुट्या माशाचा नसून साच्यातील घडणीचा आहे असे म्हणता येते. हाताने वळलेल्या पाच माशांविषयी असे म्हणता आले नसते. साच्याची खरी किंमत मुलांना येथे कळते.

जमल्यास गावातील एखाद्या अनुभवी ढिवर गृहस्थास किंवा बाईंना या तासाला आदराने बोलवावे. मरळ पाण्यातील हालचालीवर कसा झेपावतो, तो हवा घेण्यासाठी वर कसा येतो, पिलांच्या थव्याची राखण नर-मादी कशी करतात, हे त्यांच्या तोंडून ऐकण्यात जे आहे ते पुस्तकात नाही.

शिशाविषयी

हा भाग पाठाच्या शेवटी आला असला तरी शिक्षकांनी त्याला दुय्यम समजू नये. जाळ्याच्या कडेला आणि गळाच्या दोरीला वजनासाठी शिशाच्या गोळ्या लावतात. शिसे ३२७ अंशांवर, म्हणजे चुलीवरसुद्धा, वितळते. त्यामुळे ते घरीच ओतण्याची चाल अनेक देशांतील मासेमार वस्त्यांत आढळते. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात कार्ताहेना येथील अशा एका वस्तीत मुलांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण इतर वस्त्यांतील मुलांपेक्षा अधिक आढळले होते. शिशाची बारीक धूळ व राख जमिनीवर, भांड्यांवर, कपड्यांवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. त्याने मुलाच्या बुद्धीच्या वाढीवर जो परिणाम होतो तो भरून निघत नाही. रक्तात शिशाची अमुक मात्रा निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटना मानीत नाही.

आंबागडच्या किल्ल्याची गोष्ट आपल्या मुलांना माहीत असते. देवगडच्या बख्तबुलंद राजाचा सुभेदार राजाखान पठाण याने सन १७०० च्या सुमारास तो बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला व तुरुंग म्हणून वापरला गेला. तेथील विहिरीचे साचलेले विषारी पाणी कैद्यांना पाजीत आणि त्याने ते मरत, अशी आख्यायिका आहे. शिशाचे विष समजावताना या विहिरीचा आधार घ्यावा. विहिरीच्या पाण्याला रंग येई, वास येई, कैद्याला ते विष आहे हे कळे. शिशाला ना रंग ना वास. मूल हसतखेळत असते आणि ते अंगात साठत जाते. म्हणून त्याची ओळख पाठातून करून द्यावी लागते.

सांगावयाचे ते साध्या शब्दांत सांगावे. स्वयंपाकाच्या चुलीवर किंवा भांड्यात शिसे कधीही वितळवू नये. कोणी वितळवीत असेल तेथे लहान मुले व गरोदर स्त्रिया यांनी थांबू नये. गोळी दोरीवर दातांनी दाबून बसवू नये. ही सवय फार पसरलेली आहे. जाळे हाताळल्यावर हात साबणाने धुऊन मगच जेवावे. हे सांगताना ज्यांच्या घरी जाळे आहे अशा मुलांकडे बोट दाखविले जाणार नाही याची काळजी घ्यावी. धंदा सन्मानाचा आहे, दोष फक्त धातूचा आहे. जाळ्यास भाजक्या मातीचे मणी बांधण्याची रीत पुरातन आहे. वर्गात उरलेल्या मातीचे, मध्ये भोक असलेले मणी मुलांकडून साच्यात दाबून करवून घ्यावेत आणि गावातील कुंभाराच्या आव्यात भाजून आणावेत. शिशाइतके लहान आकारात ते जड होत नाहीत हे खरे; एका शिशाच्या गोळीच्या वजनाला मातीचे किती मणी लागतात ते शिक्षकांनी गोळी कागदात गुंडाळून तोलून दाखवावे.

आवरण्याच्या वेळी प्लॅस्टर कालविलेली भांडी मोरीत धुऊ नयेत. ते नळीत घट्ट होते. भांड्यातील प्लॅस्टर वाळू द्यावे व ठोकून काढावे. फुटके साचे तलावात किंवा बोडीत टाकू नयेत, भरावाच्या खड्ड्यात टाकावेत. चायनाग्रासचे मासे दोरा काढून खताच्या खड्ड्यात जातील. कोणाला आपला मासा खऱ्या पाण्यात टाकून पाहण्याची इच्छा असेल तर घरच्या वडीलधाऱ्या माणसाबरोबर जावे. तलाव मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असल्यास आधी संस्थेची परवानगी घ्यावी. चांगले उतरलेले साचे पुढील वर्षीच्या वर्गासाठी ठेवता येतात. ते पूर्ण वाळवून, अर्धे समोरासमोर जुळवून सुतळीने बांधावेत, वर गटाचे नाव व वर्ष लिहावे आणि कोरड्या फळीवर ठेवावेत. ओलाव्याच्या जागी त्यांना बुरशी येते.